दोन साखळ्यांचे अंतर

लखोटा आला तेव्हा दादांना, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बंधूंना, आमच्या लेस्टरच्या घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. सातारा जिल्ह्याच्या महसुलात कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चौतीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांची दृष्टी सरकारी कागदाला इतकी सरावलेली, की कागद इंग्लंडचा असो वा फलटणचा, आधी शेवटच्या परिच्छेदातला हुकूम वाचून मग कारणांकडे वळण्याची रीत त्यांनी याही वेळी सोडली नाही. आणि तो घडी घालून टेबलावर ठेवताना ते एवढेच म्हणाले, की मजकूर स्पष्ट आहे.

मजकूर स्पष्ट होता खरा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने दोन्ही पायांचे स्नायू ताठरलेली माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे व विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. अपंगत्वामुळे जगण्यावर पडणारा जादा खर्च काही अंशी भरून निघावा म्हणून, उत्पन्न न पाहता व कर न लावता, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या नावाचे जे साहाय्य या देशात २०१३ पासून दिले जाते, त्याचे दोन भाग आहेत : एक नित्याच्या व्यवहारांचा आणि दुसरा हिंडण्याफिरण्याचा. सोळाव्या वर्षी मुलांचे साहाय्य संपून ती या नव्या सदरात आली तेव्हा दुसऱ्या भागाचा वरचा दर तिला मिळाला होता. २०२५-२६ साली तो आठवड्याला ७७ पौंड ५ पेन्स होता, आणि त्याच्या बदल्यात मोटॅबिलिटी योजनेतून हाताने चालवता येणारी गाडी भाड्याने मिळते. वरचा दर असलेल्या मुलांना या देशात सतराऐवजी सोळाव्या वर्षी गाडी चालवण्याची मुभा आहे, तिचाही तिने लाभ घेतला होता. आता मुदतीच्या फेरतपासणीत वरच्या दरासाठी लागणाऱ्या बारा गुणांपैकी तिला चार मिळाले होते, आणि आठांच्या खाली काहीच मिळत नसल्यामुळे तो भाग बंद झाला होता. गाडी काही आठवड्यांत परत करावी लागणार होती.

कारणे चार दिली होती. ती विद्यापीठात जाते. ती गाडी चालवते. तपासणीच्या दिवशी प्रतीक्षागृहातून खोलीपर्यंत कुबड्यांच्या आधाराने, हळू परंतु न थांबता चालत आली. आणि तिच्या प्रश्नावलीतच लिहिले आहे, की ती सुमारे शंभर मीटर चालू शकते. यांतले शेवटचे वाक्य माझ्या हस्ताक्षरातले होते. तिच्या परीक्षेची घाई होती, म्हणून ती सांगेल ते मी लिहावे असे ठरले होते. त्या रकान्यापाशी मात्र मी तिला विचारले नाही.

अपील करावे की नाही, यावर दादांचे म्हणणे रात्री जेवणे झाल्यावर निघाले.

“निकाल चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही,” ते मला उद्देशून म्हणाले. “अंमलदार दप्तरावर निकाल देतो. दप्तरात आले ते झाले आणि दप्तरात नाही ते झालेच नाही, असे धरून त्याला चालावे लागते. मीही आयुष्यभर तसाच चाललो. पण ते राहू द्या. मला दुसरेच टोचते आहे. या पोरीचे पहिले पाऊल पडावे म्हणून आमच्या आईने शिंगणापूरच्या महादेवाला नवस बोलला होता, आणि पाचव्या वर्षी ते पडले असा तुमचा फोन आला त्या दिवशी तिने गल्लीत घरोघर पेढे पाठवले. ते पाऊल पडत नाही, असे आता तुम्ही सहीनिशी लिहून देणार? तेही अपिलाच्या न्यायाधिकरणातल्या परक्या तीन माणसांपुढे, पोरीला समोर बसवून? चार पैसे जातात ते जाऊ द्यावेत. गाडी आपण घेऊ. मी मदत करतो. तिला पांगळी म्हणून सिद्ध करण्याची फिर्याद आपल्या घरातून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.”

पत्नी काही वेळ बोलली नाही. भावापुढे आवाज चढवणे तिच्या स्वभावात नाही, आणि दादांच्या बोलण्यात जी माया होती ती तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होती.

“दादा,” ती म्हणाली, “तिला चालता येत नाही असे लिहा, असे कोणी म्हटलेलेच नाही. तुम्ही नियम वाचलात तर तुम्हांलाच पटेल. उभे राहून किती अंतर जाता येते एवढ्यावर गुण आहेत. दोनशे मीटरच्या पुढे जाता येत असेल तर शून्य. पन्नासच्या पुढे पण दोनशेच्या आत, चार. वीस ते पन्नास, आणि हातात काठी किंवा कुबडी लागत असेल, तर दहा. विसाच्या आत, बारा. तिला चार दिले, कारण आम्ही शंभर लिहिले. पण या अंतराला नियमातच एक अट घातलेली आहे : ते अंतर सुरक्षितपणे जाता आले पाहिजे, बऱ्यापैकी रीतीने जाता आले पाहिजे, निरोगी माणसाला फार तर जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीच्या आत जाता आले पाहिजे, आणि दिवसात जितक्या वेळा जाण्याची गरज पडते तितक्या वेळा पुन्हा जाता आले पाहिजे. यांतले एक जरी जमत नसेल तरी ते अंतर तिला जाता येते असे धरायचे नाही. एकदा गेली, एवढ्याने काही होत नाही.”

“हे नियमात आहे?”

“नियमात आहे. २०१३ साली ही योजना सुरू होण्याच्या ऐन तोंडावर घातले गेले, कारण अपंगांच्या संस्थांनी आरडाओरडा केला. आधीच्या पद्धतीत पन्नास मीटरच्या आसपासचे अंतर धरून वरचा दर देत. नव्या पद्धतीत त्याचे वीस झाले, तेव्हा निदान त्या विसाचा अर्थ तरी नीट लिहा, असे त्यांचे म्हणणे होते.”

दादांनी चष्मा काढून पुसला. मुद्दा अंमलदाराच्या अंगाने त्यांच्या मनात शिरला, हे त्यांच्या पुढल्या बोलण्यावरून दिसले.

“वीस मीटर म्हणजे साडेपासष्ट फूट. आमची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस, एक गुंठा. म्हणजे दोन साखळ्या. लागून लागून दोन गुंठे जमीन असावी आणि तिच्या लांब बाजूने माणसाने या बांधावरून त्या बांधावर जावे, एवढेच हे अंतर झाले. तुमच्या क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमध्येही तेवढेच असते.” ते थांबले. “आणि या दोन साखळ्यांवर पोरीची गाडी राहायची की जायची?”

“हो.”

“मग आमचा टक्का बरा,” दादा म्हणाले, आणि इथून पुढे जवळजवळ तासभर त्या दोघांचे जे बोलणे झाले ते मी मुद्दाम विस्ताराने देतो, कारण दोन माणसांच्या मतभेदात दोन राज्यपद्धतींचा मतभेद इतका उघडा झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

दादांचे म्हणणे असे. भारतात २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत व बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ते टक्के ठरवण्याचे काम डॉक्टरांचे. स्नायूंची ताकद पाहायची, सांधे किती वळतात ते पाहायचे. पाय असेल तर त्याच्या स्थैर्याच्या नऊ कसोट्या घ्यायच्या, म्हणजे सपाट जागी चालणे, चढणीवर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. प्रत्येकीला दहा टक्के. बेरीज झाली की दाखला झाला. त्या दाखल्यावर एस. टी. चे सवलतीचे तिकीट मिळते, आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर १९८० पासून चाललेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही मिळते. रक्कम लहान, हे खरे. “पण माणसाला आपली करुण कहाणी सांगत बसावे लागत नाही. शरीर मोजले जाते, मन मोजले जात नाही. तू आज सकाळी बाथरूमला कशी गेलीस, हे माझ्या कचेरीत मी कोणा मुलीला विचारल्याचे आठवत नाही.”

“विचारायला हवे होते,” पत्नी म्हणाली.

हे तिने इतक्या शांतपणे म्हटले, की दादांना राग आला नाही. ते पाहतच राहिले.

“त्या नऊ कसोट्या चांगल्याच आहेत,” ती पुढे म्हणाली. “मांडी घालता येते का, उकिडवे बसता येते का, हे तिथे विचारतात, कारण आपल्याकडे माणूस जमिनीवर बसतो, इथल्या प्रश्नावलीत त्याचा मागमूस नाही. पण त्या नवांतली एकही कसोटी कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. माणूस जिना एकदा चढला की जिना चढतो असे ठरते. कॉलेजात जिना दिवसातून किती वेळा चढावा लागतो, चढल्यावर पुढच्या तासाला तिला बोटात पेन धरवते का, हे त्या टक्क्याच्या बाहेरच राहते. इथला नियम ते निदान विचारतो. त्याचे उत्तर आमच्याकडून चुकीचे गेले. म्हणून अपील करायचे. खाते दुष्ट आहे म्हणून नव्हे.”

दादांनी यावर तत्काळ उत्तर दिले नाही. मग त्यांनी जे सांगितले त्याचा विषयाशी संबंध आहे की नाही, असा प्रथम मला प्रश्न पडला. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कचेरीत असताना त्यांच्यापुढे विशीतला एक मुलगा दाखला घेऊन आला होता. दाखल्यावर अडतीस टक्के होते. अर्ज नामंजूर करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते व त्यांनी तो केला. शेराही त्यांच्याच हातचा होता. मुलगा एक शब्द न बोलता कागद घेऊन बाहेर पडला, आणि कचेरीच्या पायऱ्या उतरायला त्याला इतका वेळ लागला, की दादांच्या पुढची दोन प्रकरणे तेवढ्यात निकालात निघाली. “टक्क्यावर हरकत घेता येते, फेरतपासणी मागता येते, हे मला माहीत होते. आता तर कायद्याच्या एकोणसाठाव्या कलमात अपिलाची तरतूदच आहे. त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. विचारल्याशिवाय सांगायचे नाही असा शिरस्ता नव्हता. पण विचारल्याशिवाय सांगायचे असाही नव्हता.”

खोलीत काही काळ कोणी बोलले नाही.

इथे मला थोडे विषयांतर करू द्यावे. आपण ज्या गाडीविषयी बोलत होतो, तिच्या मागे या देशात मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकार पायांनी अधू असलेल्या माणसांना निळ्या रंगाची, तीन चाकांची, एकाच बैठकीची छोटी गाडी देत असे. तीत दुसरे माणूस बसू शकत नसे. आईला मूल घेता येत नसे, नवऱ्याला बायको. पुढे १९७६ पासून गाडीऐवजी रोख भत्ता देण्यास आरंभ झाला, १९७७ मध्ये त्या भत्त्यातून चारचौघांसारखी मोटार घेता यावी म्हणून मोटॅबिलिटीची स्थापना झाली, आणि त्या निळ्या तीनचाक्या मागे पडत पडत २००३ साली रस्त्यांवरून कायमच्या उठल्या. माणसाला हलवणे आणि माणसाला आपल्या माणसांसह जाऊ देणे, या दोहोंतील अंतर ओळखायला एका संपन्न राष्ट्रालाही एवढा काळ लागला, हे मनात आले म्हणजे दादांचे ‘गाडी आपण घेऊ’ हे उदार शब्द मला अपुरे वाटू लागतात. कारण मामाने घेतलेली गाडी मामाच्या प्रकृतीबरोबर व मामाच्या आयुष्याबरोबर बांधलेली असते.

पत्नीनेही बहुधा हेच मनात धरून पुढचा मुद्दा काढला. “अपील करणे म्हणजे भांडण असे तुम्हांला वाटते. पण नियमांचा अर्थ अपिलांनीच स्पष्ट होत आला आहे. ज्यांना घराबाहेर पडताना मनाचा असह्य ताण येतो अशा माणसांना प्रवासाचे वरचे गुण मिळू नयेत, असा बदल २०१७ च्या मार्चमध्ये नियमांत केला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरवला. कोणी तरी एका बाईने आपले म्हणणे सोडले नाही, म्हणून.”

“ते ठीक,” दादा म्हणाले, “पण धोका सांग. अपिलात नवी चौकशी होते ना? मग पहिला भाग, जो मंजूर आहे, तोही काढून घेता येईल.”

हा प्रश्न मात्र कसलेल्या माणसाचा होता, आणि त्याचे उत्तर होय असेच होते. न्यायाधिकरणाला संपूर्ण निकाल नव्याने पाहण्याचा अखत्यार आहे. असलेले काढून घेण्याचाही आहे, जरी तसे करण्यापूर्वी अर्जदाराला सहसा आगाऊ सूचना देतात. पत्नीने हे मान्य केले. तिच्या मते सुनावणीपर्यंत जाणाऱ्या अपिलांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक अर्जदाराच्या बाजूने लागतात. दादांच्या मते शंभरांतला एक बुडाला तरी त्या एकाला शंभर टक्के बुडावे लागते. दोघांचेही खरे होते.

याच वेळी मुलगी दारात उभी असल्याचे आमच्या लक्षात आले. तिची खोली तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून आहे, आणि मधली भिंत पातळ आहे. तिने किती ऐकले हे विचारण्याचे कारण नव्हते.

“मामा,” ती म्हणाली, “चालण्यावरून एवढं बोलताय, तर कुणी मोजलंय का ते कधी? बाबांनी शंभर लिहिलं. आई वीस म्हणते. तुम्ही म्हणता पाऊल पडलं, म्हणजे झालं. मला कुणीच विचारलं नाही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता; असता तर मला सोपे गेले असते.

“मी सकाळी गाडीतून उतरून वर्गात जाते. तेवढं जमतं. मग तिथून ग्रंथालय. तिथं पोहोचले की पुढचा अर्धा तास माझे पाय आतून थरथरत असतात आणि मी पुस्तक उघडून नुसती बसते. दुपारी पाणी पीत नाही, कारण बाथरूम त्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही विचारता कसा गेला दिवस, मी म्हणते छान. तो छानच गेलेला असतो. पण त्याची किंमत मी सांगत नाही. कारण पहिल्यापासून या घरात मी चालले की सगळ्यांचे चेहरे उजळतात. ते चेहरे मला मोडायचे नव्हते.”

एकोणीस वर्षे आम्ही तिला चालायला शिकवत होतो. तिच्याकडून ऐकायला आम्ही शिकलो नव्हतो. मी काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार त्या क्षणी माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. थंडी कडक, पण ऊन पडलेले. दादांनी घरातली फीत घेऊन आमच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेने अंतर आखले, आणि प्रत्येक पाच मीटरवर खडूची रेघ ओढली. एवढी वर्षे मोजणीदारांच्या मोजण्या तपासलेल्या माणसाच्या हाताची ती रेघ शेवटपर्यंत सरळ होती. मुलीने दोन्ही कुबड्या घेतल्या. तिनेच सांगितले, की घाई करायची नाही, थांबवायचे नाही, ‘शाब्बास’ म्हणायचे नाही.

पहिल्या खेपेला ती बासष्ट मीटर गेली, एकदा थांबून. वेळ मी मोजला. पंधरा मिनिटे बाकावर बसून ती पुन्हा उठली. या वेळी एकेचाळीस मीटर, आणि डावा पाय रेघेला लागून ओढला जाऊ लागला. आणखी पंधरा मिनिटांनी ती तिसऱ्यांदा निघाली. सतराव्या मीटरवर उजवी कुबडी घसरली, दादांनी पुढे होऊन तिला धरले, आणि ती म्हणाली, आता पुरे. चौथ्या खेपेसाठी ती उठली नाही. दुपारचे जेवण न घेता ती चार वाजेपर्यंत झोपली, आणि सोमवारच्या निबंधाचे पान त्या दिवशी पुढे सरकले नाही.

खरा मतभेद त्यानंतर झाला, आणि तो ज्या दोन माणसांमध्ये होईल असे मला वाटले होते त्यांच्यामध्ये तो झाला नाही.

“सतरा,” पत्नी म्हणाली. “विसाच्या आत. बारा गुण. हेच लिहायचे.”

“आणि बासष्ट?” मुलीने विचारले.

“बासष्ट कशाला लिहायचे? पुन्हापुन्हा जमत नाही ना? नियमाप्रमाणे जे पुन्हापुन्हा जमत नाही ते नाहीच.”

“आई, मी बासष्ट गेले. तो आकडाही माझाच आहे. तो लपवला तर उद्या मला कुणी रस्त्यात चालताना पाहिलं की मी खोटी ठरेन; आणि मग मी घराबाहेर पडतानासुद्धा भिऊ लागेन, आज जरा जास्त तर चालले नाही ना म्हणून. तसं मला जगायचं नाही. तिन्ही आकडे लिहायचे. मधली विश्रांती लिहायची. दुपारी झोपले ते लिहायचं.”

“तिन्ही लिहिले आणि त्यांनी मधला धरला तर दहा गुण होतील. दहा म्हणजे खालचा दर, आठवड्याला २९ पौंड २० पेन्स. त्यावर गाडी मिळत नाही. तुला कळतेय का, मी कशासाठी बोलतेय?”

“कळतंय.”

माझी पत्नी अप्रामाणिक बाई नाही. ज्या आईने मुलीला हिवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळी बसथांब्यावर उभे राहताना, आणि बस तिला न घेताच पुढे निघून जाताना पाहिले आहे, तिच्या मनात विसाच्या आतला आकडा निवडून उचलण्याचा मोह उत्पन्न झाला, तर त्या मोहाचा दोष मी तिच्या पदरी घालणार नाही. एका रेघेच्या अलीकडे सर्व आणि पलीकडे काही नाही, अशी रेघ जे राज्य आखते त्याने या मोहाचा काही भार उचलला पाहिजे.

निवाडा दादांनी केला, आणि तो त्यांनी अंमलदार म्हणून केला. “पोर म्हणते ते बरोबर आहे. जबाबातला पहिला आकडा लपवला की शेवटचाही हातचा जातो. आणि तुम्ही दोघीही एक विसरता आहात. प्रश्न तिला दिवसात किती वेळा चालावे लागते, हा आहे. वर्ग, ग्रंथालय, बाथरूम, पुन्हा वर्ग, पुन्हा गाडी. पाच खेपा कमीत कमी. तिसऱ्या खेपेला सतरा. चौथी झालीच नाही. मग पाच वेळा जाता येईल असे अंतर कोणते? ते त्यांना काढू द्या. आपण कागदावर पाच ठिकाणांचा नकाशा आणि तीन आकडे ठेवू.” मग त्यांनी निकालाची तारीख पुन्हा पाहिली. न्यायाधिकरण निकालाच्या दिवशी जी स्थिती होती तेवढीच पाहते, नंतरची नव्हे, हे पत्नीने सांगितल्यावर, मोजणी निकालानंतर नऊ दिवसांत झाली असून मधल्या काळात प्रकृतीत बदल नाही, असे तिच्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्यावे, ही सूचना त्यांचीच.

बाकीचा मार्ग थोडक्यात सांगतो. प्रथम त्याच खात्याकडे एक महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. तो केल्याशिवाय अपिलाचा दरवाजा उघडत नाही. तो आम्ही केला, आणि निकाल कायम असल्याचे पत्र यथावकाश आले. त्यानंतर पुन्हा एक महिन्याची मुदत, आणि अपील खात्यापासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे : एक न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सभासद. त्याला फी नाही. मात्र या पायरीवर सरकारी खर्चाने वकीलही २०१३ पासून मिळत नाही. समक्ष सुनावणी मागता येते, नुसत्या कागदांवरही निकाल मागता येतो. समक्ष जायचे, हे मुलीने ठरवले.

मतभेद मिटला असे मात्र कोणी समजू नये. दादा परत जाण्याच्या आदल्या रात्री ते मला म्हणाले, की अपील करणे भाग होते हे त्यांना पटले. परंतु जन्मभर न बदलणाऱ्या व्याधीसाठी एका तरुण मुलीला दर काही वर्षांनी आपली पावले मोजून दाखवावी लागावीत, हे त्यांना पटणार नाही, आणि त्या बाबतीत आपला एकदाचा दाखला, तो कितीही अपुरा असला तरी, माणसाला अधिक शांततेने जगू देतो. पत्नीचे म्हणणे, की जो दाखला जन्मभर बदलत नाही तो चुकला तरीही बदलत नाही. अडतीस टक्क्यांचा तो मुलगा दादांनीच तिला सांगितला होता. माझे स्वतःचे मत दादांच्या बाजूला एका बाबतीत झुकते : व्याधी बदलणार नाही असे वैद्यांनी लिहून दिल्यावर राज्याने पुन्हा विचारू नये. पण पहिल्यांदा विचारताना पत्नीचा प्रश्नच विचारला पाहिजे, आणि तो आईबापांना न विचारता त्या मुलालाच विचारला पाहिजे.

अपिलाच्या कागदांत मुलीचे निवेदन चार पानांचे आहे. ते तिने एकटीने लिहिले व आम्हांला वाचायला दिले नाही. सुनावणीच्या वेळी ऐकालच, असे म्हणाली. तिच्या शिक्षकांचे पत्र आहे, फिजिओथेरपिस्टचे आहे, आणि दादांनी स्वहस्ते काढलेला, प्रमाण लिहिलेला, उत्तर दिशा दाखवणारा रस्त्याचा नकाशा आहे. साक्षीदार म्हणून मला एक पान द्यायचे होते. ते मी तीनदा लिहून फाडले, कारण प्रत्येक वेळी ते मुलीच्या धैर्याकडे वळत होते. चौथ्यांदा बसलो, आणि जे पाठवले त्याची सुरुवात अशी आहे :

‘प्रश्नावलीतला शंभर मीटर हा आकडा मी लिहिला. तो मी कधी मोजला नव्हता, आणि माझ्या मुलीला विचारला नव्हता.’